बी.एड.च्या पोरापोरींना लेसन घ्यायला कसं शिकवायचं: सरावातनं जमलेली पद्धत

पाचवीचा वर्ग, गणिताचा तास. फळ्यावर १/२ + १/३ लिहिलंय, टेबलावर टाचण वही (पाठाचा आराखडा लिहिलेली) उघडी आहे आणि आमची छात्राध्यापिका, म्हणजे बी.एड. करणारी शिकाऊ शिक्षिका, विचारतेय, "सांगा बरं, उत्तर किती येईल?" तिसऱ्या बाकावरच्या पोरानं हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मॅडम, दोन छेद पाच." ती म्हणाली, "चूक. बस खाली. दुसरं कोण सांगतंय?" दुसऱ्या पोरीनं पाच छेद सहा सांगितलं, तिला शाब्बासकी मिळाली, टाळ्या झाल्या, तास पुढं गेला. मी मागच्या बाकावर बसून त्या पोराकडं बघत होते, त्यानं उरलेला अख्खा तास वहीच्या कोपऱ्यात चौकटी काढल्या.

तास सुटल्यावर व्हरांड्यात मी तिला एवढंच विचारलं, "त्यानं दोन छेद पाच कुठनं आणलं गं?" ती गप्प. मग विचार करून म्हणाली, "वरचं वरच्यात, खालचं खालच्यात मिळवलं त्यानं." म्हटलं, "बरोबर. आता सांग, अर्ध्यात काहीतरी मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येणार का लहान?" "मोठं." "आणि दोन छेद पाच?" ती जरा थांबली आणि एकदम म्हणाली, "अर्ध्यापेक्षा कमीच की मॅडम हे!"

दुसऱ्या दिवशी ब तुकडीत तिनं तोच घटक परत घेतला. तिथं पण एकानं दोन छेद पाच सांगितलंच, हे उत्तर येतंच कुठल्याही वर्गात. यावेळी तिनं ते फळ्यावर लिहिलं, कागदाची पट्टी दुमडून अर्धा भाग दाखवला आणि विचारलं, "यात अजून थोडं मिळवायचंय, मग पट्टी वाढंल का कमी होईल?" वर्गात कुजबुज सुरू झाली आणि ज्यानं उत्तर दिलं होतं त्यानंच हात वर करून सांगितलं की माझं चुकलं. टाचण तेच, चार्ट तोच, फरक एवढाच की आदल्या दिवशी ती टाचणाकडं बघून शिकवत होती आणि आज पोराकडं बघून. कोल्हापुरात मी बरीच वर्षं बी.एड. आणि डी.एल.एड.च्या पोरापोरींचे लेसन बघतेय आणि मला सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं, शिकणाऱ्या शिक्षकाची नजर टाचणावरनं उचलून मुलाच्या वहीवर आणायची. ते कसं करायचं ते इथं टप्प्याटप्प्यानं लिहितेय, मेथडच्या (विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या) नव्या सर-मॅडमना उपयोगी पडेल, शाळेत गाईड टीचर म्हणून ज्यांच्याकडं छात्राध्यापक येतात त्यांना पण आणि छात्राध्यापकांनी स्वतः वाचलं तर उत्तमच.

पहिले पंधरा दिवस नुसतं बघायचं

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि दोन्ही वर्षं मिळून २० आठवडे शाळेत जायचं ठरलं. वेळ भरपूर आहे, तरी पोरं पहिल्याच आठवड्यात "मॅडम, लेसन कधी लावताय" म्हणून मागं लागतात. लावू नका. आधी निरीक्षण, पण निरीक्षण म्हणजे "शिक्षकांचा आवाज स्पष्ट होता, फलकलेखन नीटनेटके होते" हे वहीत उतरवणं नव्हे, ते कुणीही वर्गात न जाता लिहू शकतं.

मी काय करायला लावते ते सांगते. एका कोऱ्या कागदावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढायचा, प्रत्येक मुलासाठी एक चौकट. शिक्षकांनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकटीत बरोबरची खूण, जो स्वतःहून बोलला त्याच्या चौकटीत गोल. ३५ मिनिटांचा तास झाला की तो कागदच बोलायला लागतो. बहुतेक वेळा पुढच्या दोन रांगा खुणांनी भरलेल्या असतात आणि खिडकीकडची अख्खी ओळ कोरी असते. हा कागद वर्गशिक्षकांना टीका म्हणून दाखवायचा नाही हे मात्र पोरांना बजावून सांगा, तो त्यांच्या स्वतःच्या शिकण्यासाठी आहे, कारण पुढं त्यांच्या लेसनला मित्रानं असाच कागद भरला की त्यात पण तेच दिसणार आहे.

दुसरं, प्रत्येक छात्राध्यापकानं तीन मुलं निवडायची, एक पटकन शिकणारं, एक मधलं, एक मागं पडलेलं, आणि पंधरा दिवस त्या तिघांच्या वह्या रोज बघायच्या. आपल्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं मधल्या सत्रात वर्गात येऊन बसतात आणि हंगाम संपला की जातात. असं एखादं मूल वर्गात असेल तर तिघांत ते हवंच. त्याला आधीचं काय येतंय, कुठला घटक गावाकडच्या शाळेत झालाय, हे बोलून काढायला छात्राध्यापकाला लावा, पुस्तकातनं हे शिकायला मिळत नाही.

आशय आधी, पद्धत मागनं

आशययुक्त अध्यापन, म्हणजे घटकाचा आशय नीट समजून मग पद्धत ठरवणं, हा शब्द सगळ्यांना पाठ आहे पण करायची वेळ आली की पोरं थेट चार्ट रंगवायला बसतात. मी आधी बालभारतीची तीन पुस्तकं समोर ठेवायला सांगते, जो वर्ग शिकवायचाय त्याचं, मागच्या इयत्तेचं आणि पुढच्या इयत्तेचं. घटक मागं कुठं आला होता, पुढं कुठं जाणार आहे हे एका पानावर लिहायचं आणि त्याखाली एक यादी, "मुलं इथं काय चुकणार". ही यादी डोक्यानं करायची नाही, जुन्या वह्या आणि चाचणीचे पेपर मागून घ्यायचे, वर्गशिक्षक देतात, प्रेमानं मागितलं की नक्की देतात. अपूर्णांकाच्या घटकाला अशी यादी त्या मुलीकडं असती तर दोन छेद पाचनं ती दचकली नसती.

सूक्ष्म अध्यापन: ३६ मिनिटं, आणि ती पूर्ण वापरायची

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या गटासमोर एकेका कौशल्याचा छोटा पाठ, १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला ड्वाइट अ‍ॅलन यांनी सुरू केलं, आपल्याकडं त्याचं जे चक्र रुळलंय ते असं, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुनर्पाठ आणि परत ६ मिनिटं प्रत्याभरण. सगळी मिळून ३६. खरी अडचण ही आहे की एका दिवसात सगळ्यांचं उरकायचं म्हणून आपण पहिली १२ मिनिटं करतो आणि बाकीची वहीत लिहून सही करतो. असं करू नका हो. शिकणं त्या मधल्या १२ मिनिटांत आणि नंतरच्या ६ मिनिटांत आहे, जिथं पोरगं आपलीच चूक दुरुस्त करून परत उभं राहतं. कौशल्यं कमी घ्या पण चक्र पूर्ण करा. मला विचाराल तर चारच घ्या: सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), प्रश्न, स्पष्टीकरण आणि फलकलेखन. प्रबलन (शाबासकी देणं), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत राहणं) वगैरे वर्गात उतरलं की हळूहळू जमतात.

गट आठ-दहा जणांचा ठेवा. इथं एक गडबड नेहमी होते, विद्यार्थी म्हणून बसलेले सगळे मित्र-मैत्रिणीच, त्यामुळं कुणी चुकीचं उत्तर देतच नाही आणि शिकवणाऱ्याला खोटा आनंद मिळतो. त्यासाठी मी चिठ्ठ्या वाटते. एका चिठ्ठीवर लिहिलेलं असतं "वरचं वरच्यात, खालचं खालच्यात मिळव", दुसऱ्या चिठ्ठीवर "काहीही विचारलं तर हो म्हण", तिसरीवर "उत्तर येतंय पण हात वर करू नको", चौथीवर "मध्येच पाणी प्यायला जाऊ का विचार". शिकवणाऱ्याला चिठ्ठ्या माहीत नसतात. सहा मिनिटांत त्याचा घाम निघतो, पण खरा वर्ग काय असतो ते तिथंच कळतं.

प्रश्न कौशल्यात एका गोष्टीवर फार वेळ द्या, थांबण्यावर. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचा अभ्यास करून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण शांत वर्गासमोर उभं राहून काढून बघा. मी पोरांना टाच जमिनीवर हळूच तीनदा टेकवायला सांगते, तोवर तोंड उघडायचं नाही. आणि नाव आधी घ्यायचं नाही, आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीची चाळीस पोरं सुटली म्हणून निवांत होतात.

मोबाईलवर व्हिडिओ सगळेच काढतात. तो दोनदा बघायला लावा, एकदा आवाज बंद करून, म्हणजे आपण फळ्याला तोंड करून किती बोलतो, कुठल्या बाजूला जातच नाही हे दिसतं, आणि एकदा स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐकायचं, म्हणजे "ठीक आहे", "समजलं का", "ओके" किती वेळा आलं ते मोजता येतं. "समजलं का?" हा प्रश्न तर मी बंदच करायला लावते. त्याला चाळीस पोरं एका सुरात हो म्हणतात आणि त्या हो मधनं काहीही कळत नाही.

टाचण एका पानाचं

जुन्या पद्धतीचं सहा-सात पानी टाचण मी पहिल्या दोन पाठांनाच लिहायला लावते, हर्बार्टची पंचपदी (पाठाच्या पाच पायऱ्या) हाताखालनं एकदा जायला पाहिजे म्हणून. नंतर एकच पान. त्यावर पाच गोष्टी पाहिजेत. उद्दिष्ट एकच, आणि त्यात "समजेल", "आकलन होईल" असे शब्द नकोत, तास संपल्यावर मूल काय करून दाखवंल ते लिहायचं, उदाहरणार्थ "भिन्न छेदाच्या दोन अपूर्णांकांची बेरीज पट्टी दुमडून दाखवेल". मग विचारायचे तीन-चार मोठे प्रश्न, शब्दशः लिहिलेले, कारण ऐनवेळी बनवलेला प्रश्न गोल गोल फिरतो. प्रत्येक प्रश्नाखाली येऊ शकणारं चुकीचं उत्तर आणि त्यावर आपण काय विचारणार. मग फळ्याचं चित्र, तास संपताना फळा कसा दिसेल ते आधीच चौकट आखून काढायचं. आणि शेवटी पाच मिनिटांचं काम जे मुलं वहीत एकट्यानं करतील. ह्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी मी भांडते. पोरं म्हणतात वेळ पुरत नाही, मी म्हणते प्रस्तावना छोटी करा. गाणं, गोष्ट, चित्र, कोडं करत दहा मिनिटं प्रस्तावनेत घालवली तर वेळ कुठनं पुरणार?

विषयवार जिथं अडतं ते

गणितात साहित्य लागतं पण योग्य लागतं. अपूर्णांकाला सगळे गोल भाकरी घेऊन येतात, अर्धी, पाव नीट जमते, पण गोलाचे तीन सारखे भाग हातानं करायला मोठ्या माणसाला पण जमत नाही, मग १/३ दाखवताना भाग लहानमोठे होतात आणि मुलांच्या मनात भलतंच बसतं. लांबट कागदी पट्टी घ्या, दोन भाग, तीन भाग, सहा भाग आरामात होतात आणि ३/६ आणि २/६ मिळून ५/६ डोळ्यासमोर दिसतं.

विज्ञानात एकच कडक नियम, प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघायचा, त्याच पाण्यानं, त्याच साहित्यानं. आणि प्रयोगाआधी निष्कर्ष सांगायचा नाही. हळदीचा कागद घ्या, त्यावर चुन्याची निवळी टाकली तर काय होईल, लिंबू पिळलं तर काय होईल, हे मुलांनी आधी वहीत लिहायचं, मगच थेंब टाकायचा. चुन्यानं कागद लाल होतो, लिंबानं पिवळाच राहतो, आणि ज्याचा अंदाज चुकला ते मूल सगळ्यात जास्त प्रश्न विचारतं. मिश्रण वेगळं करण्याच्या घटकाला तर आपल्याकडं गुऱ्हाळासारखी प्रयोगशाळा नाही. रसातला चोथा गाळणं, काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) उकळताना भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढणं, पाणी आटवत नेणं, सगळं एका जागी बघायला मिळतं. फक्त छात्राध्यापकानं आधी एकदा एकट्यानं जाऊन गुळव्याशी बोलून यायचं, आणि मुलांना काहिलीपासून आणि चुलवाणापासून (तिच्या खालच्या भट्टीपासून) किती लांब उभं करायचं ते ठरवून ठेवायचं. मुलांना हातात तीनच प्रश्न द्या, वीस नकोत.

भूगोलावर मी जरा जास्त लिहिणार, कारण हा विषय सगळ्यात वाईट शिकवला जातो आणि आपल्या गावात तो सगळ्यात सोपा आहे. पावसाळ्यात कोल्हापूरच्या शेंबड्या पोराला पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी माहीत असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मग आलेख शिकवताना पुस्तकातलं दुसरीकडचं उदाहरण कशाला घ्यायचं? जुलैत रोजच्या पेपरमधली पातळी मुलांनी लिहून आणायची, आलेख कागदावर ३९ आणि ४३ च्या दोन आडव्या रेघा आधी मारून घ्यायच्या आणि रोज एक ठिपका. मग प्रश्न, पाऊस कमी झाला तरी पातळी एक-दोन दिवस का चढत राहते? तिथनं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि प्रयाग चिखलीचा संगम आपोआप येतो, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे येतात. २०१९ चा पूर मोठ्या वर्गातल्या मुलांनी स्वतः बघितलाय, काहींच्या घरात पाणी होतं, त्यामुळं तो विषय काढताना जपून, आधी वर्गशिक्षकांना विचारून.

तसंच किरणोत्सव. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला गाभाऱ्यात येतात, हे मुलांना घरातनंच माहीत असतं. छात्राध्यापकानं फक्त कॅलेंडर पुढं ठेवायचं आणि सांगायचं, २२ डिसेंबर मधे धरा आणि दोन्हीकडचे दिवस मोजा. दोन्हीकडं साधारण ४१-४२ दिवस येतात. का येत असतील? एवढ्या एका प्रश्नावर सूर्याचं दक्षिणायन-उत्तरायण शिकवून होतं. एका मुलानं मोजून झाल्यावर विचारलं होतं, "म्हणजे मॅडम, जाताना आणि येताना सूर्य एकाच जागी मावळतोय?" तो वर्ग मी विसरणार नाही.

इतिहासात सनावळी पाठ करून घेण्यापेक्षा एक आधार घ्या आणि त्याला प्रश्न विचारा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. मुलांना विचारा, शिक्षण फुकट होतं तरी दंड का ठेवावा लागला असेल? तेव्हा पोरं शाळेऐवजी कुठं जात असतील? एक रुपया त्या काळी कमी का जास्त, हे कशावरनं शोधायचं? मुलं आजोबा-आजीला विचारून येतात आणि तास त्यांचा होतो.

मराठीत बोलीचा प्रश्न येतोच. पोरगं म्हणतं "मॅडम, मी काल आलतो की", आणि छात्राध्यापिका लगेच "आलतो नाही, आलो होतो म्हण". त्या मुलानं परत हात वर केला नाही, मी मोजलंय. त्यापेक्षा दोन्ही फळ्यावर लिहा, "आलतो" आणि "आलो होतो", कुठं कुठलं चालतं ते मुलांनाच विचारा, आणि काळ शिकवायचा असेल तर उद्गामी पद्धतीला (उदाहरणांवरनं नियमाकडं जायच्या) याच्याहून चांगलं उदाहरण नाही. कवितेला मात्र पहिलं वाचन शिक्षकाचंच, मुलांची पुस्तकं मिटलेली, शब्दार्थ नंतर. इंग्रजीबद्दल थोडक्यात सांगते, प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगायची सवय पहिल्या आठवड्यातच मोडा, कृती करून, चित्र दाखवून सांगा, आणि मुलाला रोज एक तरी वाक्य स्वतःचं बोलायला मिळू द्या.

पाठानंतरचं बोलणं

इथं आपण मेथडवाले कमी पडतो. "छान झाला, आवाज थोडा वाढवा, फळ्यावर अक्षर सरळ काढा" एवढं लिहून सही केली की पोरगं पुढच्या लेसनला तसंच उभं. मी निरीक्षण वहीत विशेषणं लिहीत नाही, वर्गात जे बोललं गेलं ते लिहिते, शिक्षक काय म्हणाला, मूल काय म्हणालं. मग बसल्यावर आधी छात्राध्यापकाला बोलू द्यायचं, पण "कसा झाला" असं विचारायचं नाही, "तुझ्या तीन मुलांपैकी कुणाला जमलं, कशावरनं?" असं विचारायचं. शेवटच्या पाच मिनिटांच्या वह्या समोर ठेवूनच बोलायचं. त्यानंतर सुधारणा एकच सांगायची. दहा सांगितल्या तर दहाही विसरल्या जातात. आणि हे बोलणं त्याच दिवशी, शाळेतच, दुसऱ्या मुलांसमोर नाही.

मग तोच पाठ दुसऱ्या तुकडीत. यासाठी सत्राच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांकडं जाऊन वेळापत्रक बघा, अ आणि ब तुकडीला तो विषय एक दिवसाच्या अंतरानं येतोय का, नसेल तर विनंती करा, बहुतेक जण ऐकतात. पाठांची संख्या भरायची असते हे मला माहीत आहे, पण नियमात बसत असेल तिथं वीस वेगळे पाठ घेण्यापेक्षा दहा पाठ दोनदा घेतलेले मी पसंत करते. घटक चाचण्यांचा आठवडा टाळा, आणि पुरामुळं शाळा बंद राहण्याचे दिवस जुलै-ऑगस्टात धरून चला, सगळे पाठ त्या दोन महिन्यांत कोंबू नका.

गुण देताना माझ्याकडं तीन कागद येतात, पहिल्या पाठाचा बाकांचा नकाशा, शेवटच्या पाठाचा बाकांचा नकाशा, आणि त्या तीन मुलांच्या वह्यांची सुरुवातीची आणि शेवटची पानं. चार्टला मी गुण देत नाही.

इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात निरोप समारंभाची तयारी सुरू होते, फोटो, पेढे, फळ्यावर रंगीत खडूनं धन्यवाद. होऊ दे, मुलांना आवडतं. त्याआधी एक तास राखून ठेवा, त्यात छात्राध्यापकानं शिकवलेल्या घटकांवर पाच प्रश्न मुलांनी सोडवायचे, संध्याकाळी बसून सगळ्या वह्या तपासायच्या आणि एका कागदावर लिहायचं, कुणाला काय अजून येत नाही आणि आपण काय करून बघितलं. तो कागद दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांच्या हातात द्यायचा, शेजारी बसून एकेक नाव समजावून सांगायचं. त्या अपूर्णांकवाल्या मुलीच्या कागदावर पाच नावं होती, तिसऱ्या बाकावरचं पोरगं त्यात नव्हतं.